डाव्या हाताचं काम

दामिनीने स्टॉपवॉच थांबवलं, आकडा पाहिला आणि ते यंत्र भिंतीवर भिरकावून द्यावं असं तिला वाटलं. तेहेतीस सेकंद.

खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बस, एवढंच. अर्धांगातून उठलेल्या माणसाचे पाय किती सावरलेत ते या इवल्याशा येण्याजाण्यावरून कळतं. तुळसाबाईंना पहिल्या आठवड्यात चाळीस सेकंद लागले होते. मग बत्तीस, मग सव्वीस, चौथ्या आठवड्यात एकवीस. त्या दिवशी दामिनीनेच त्यांच्यापेक्षा जास्त आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि तिथून पुढे कुणाची दृष्ट लागावी तसं झालं. पंचवीस. एकोणतीस. आज सातवा आठवडा, तेहेतीस.

"काय वं पोरी, पास का नापास?" तुळसाबाईंनी खुर्चीत टेकता टेकता विचारलं. दर वेळी त्या हेच विचारत. त्यांच्या लेखी ही परीक्षाच होती, आणि दामिनी म्हणजे गुण देणारी बाई.

"पास," दामिनी म्हणाली. ती चक्क खोटं बोलली.

"पासच होईन ना!" भिंतीकडच्या बाकावरून गणपतराव म्हणाले. "घरी सारं करते ते. कायचीच तकलीफ नाई."

गणपतराव म्हणजे तुळसाबाईंचे यजमान. नाईक तलावाजवळच्या त्यांच्या घरात एके काळी हातमाग होता. गणपतराव विणायचे आणि तुळसाबाई ओसरीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. माग विकूनही आता वीस वर्षं झाली. फेब्रुवारीत एका सकाळी चहा गाळताना तोच डावा हात गळून पडला, पाठोपाठ डावा पाय. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ही जोडी ई-रिक्षाने सदरमधल्या या पुनर्वसन केंद्रात येई. म्हणजे आता जोडी येई. आधी बरोबर सून असायची, मयुरी. ती बाळंतपणाला उमरेडला माहेरी गेली आणि बाकावर गणपतराव येऊन बसले.

दामिनीने तक्ता काढला. शंभर गुणांचा तक्ता, त्यात रोजच्या जगण्याचे दहा रकाने. जेवण, आंघोळ, कपडे, जिना, संडास, असे. माणूस ते काम आपल्या आपण करतो, की मदत लागते, की सगळं दुसऱ्यानेच करायचं, त्यावर गुण.

"मावशी, जेवण?"

"स्वताच्या हातानं जेवते," गणपतराव म्हणाले. "दहा लिहा."

"कपडे?"

"पदर मी टोचून देतो. पाच."

"संडासला जाणं?"

"जाते ना. मी दारापाशी पोचवतो, आतमंदी स्वताच. दहा."

हे उत्तर पहिल्या आठवड्यातही असंच आलं होतं, फक्त तेव्हा ते मयुरीने दिलं होतं, मान खाली घालून. तेव्हा दामिनीने दहा लिहिले होते, आताही लिहिले. तुळसाबाई खिडकीकडे पाहत होत्या. बेरीज पंचाहत्तर. सुरुवातीला पासष्ट होती.

आणि हेच दामिनीला छळत होतं. तक्ता म्हणत होता, बाई सुधारतेय. डाव्या हाताच्या चाचणीत, एका मिनिटात लाकडी ठोकळे फळीच्या पलीकडे टाकायचे असतात, त्यात शून्यावरून नऊ ठोकळे झाले होते. म्हणजे हातही सुधारत होता. आणि घड्याळ म्हणत होतं, बाई खचतेय. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता आणि कोण ते सापडत नव्हतं.

केंद्रातल्या तिच्या वरिष्ठ वंदना मॅडमना असलं कोडं पडत नसे. "नवीन झटका नाही ना? डॉक्टरांनी तपासलंय, स्कॅन स्वच्छ आहे. मग झालं तर. मन लागत नसेल. आठ आठवडे झाले की कंटाळतात गं हे लोक."

"पण मॅडम, एकवीसवरून तेहेतीस..."

"दामिनी, पुढच्या गुरुवारी आढावा आहे. बेरीज दहाने वाढली की अजून आठ आठवडे मिळतात, तुझ्या बाईंची बरोबर दहाने वाढली आहे. नाही वाढली तर जागा दुसऱ्याला. बाहेर चाळीस जण यादीत आहेत. कशाला खोदत बसतेस?"

दामिनी कुरकुरत खाली आली. चाळीस जणांची यादी तिलाही पाठ होती. पण आठ आठवडे मिळवून ती तुळसाबाईंना नेमकं काय शिकवणार होती? दर आठवड्याला चार चार सेकंद हळू कसं चालायचं, ते?

अकराला चहा आला. मे महिन्याचं नागपूर. कूलर नुसता घरघरत होता आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. तुळसाबाईंनी आपला कप न बघता गणपतरावांकडे सरकवला.

"मले नाई पाह्यजे. घरूनच घेऊन आली."

"घरी तं म्हणे, सेंटरवर घेतो," गणपतराव म्हणाले आणि बशीत फुंकर मारायला लागले.

"तुमाले एक आयकू येते तं दोन नाई. प्या गपचूप."

दामिनी हसली. तिने रक्तदाब बसवून घेतला, उभं करून घेतला. उभं केल्यावर आकडा धपकन खाली आला. तुळसाबाईंनी कठडा घट्ट धरला होता. जीभ बघितली तर कोरडीठाक, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली.

"मावशी, पाणी पिता ना?"

"भरपूर."

"पिते ते," गणपतराव म्हणाले.

दामिनीला त्या क्षणी गणपतरावांच्या तोंडावर पट्टी लावावीशी वाटली. भला माणूस. बायकोची पर्स काखेत मारून बसणारा, तिच्या चपलेचा पट्टा वाकून लावणारा. पण बायकोला प्रश्न विचारला की उत्तर याचंच. आणि तेही असं, की शाळेच्या गॅदरिंगला आपल्या पोरीची तारीफ करतोय.

शनिवारी सकाळी सक्करदऱ्याच्या घरी दामिनीला उशीर झाला होता. गोपिकाचा, तिच्या दोन वर्षांच्या लेकीचा, सगळा कार्यक्रम नेमका पाळणाघराची व्हॅन हॉर्न द्यायला लागली की सुरू होई. "आई, झायी!" न्हाणीघरातून आरोळी आली. दामिनीने एका हाताने पदर खोचला, दुसऱ्याने मग भरला. उजव्या हाताने पाणी ओतत होती, डाव्याने धूत होती, तोंडाने गाणं म्हणत होती आणि मनात बसची वेळ मोजत होती. गोपिका तिच्या मांडीवर उपडी पडून पाय झाडत होती. किती गोरंगोमटं, किती बिनधास्त ढुंगण ते. ज्याच्यापुढे निवांत उपडं पडावं असं कुणीतरी असणं, हेही एक सुखच.

मग हातातला मग तसाच राहिला.

उजव्या हाताने पाणी. डाव्या हाताने धुणं. जन्मभर. कुणी शिकवत नाही, कुणी बोलत नाही. आणि तुळसाबाईंचा गेलेला हात डावा.

"आई, थंद!" गोपिका ओरडली.

दामिनीने तिला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि मनातल्या मनात आठवडे मोजले. मयुरी चौथ्या आठवड्याच्या शेवटी माहेरी गेली. घड्याळ पाचव्या आठवड्यात बिघडलं. सेंटरवर चहा नको, घरी चहा नको. अगं बाई. अगं माझे बाई. दहा गुण लिहिले मी. दोनदा लिहिले.

केंद्रात पोचताच तिने गणपतरावांना सगळी फाइल देऊन झेरॉक्सला पिटाळलं. "सगळ्या पानांच्या दोन-दोन प्रती, काका. सगळ्या." फाइल चांगली जाड होती. मग तिने पडदा ओढला आणि तुळसाबाईंच्या समोर स्टूल घेऊन बसली.

"मावशी, मयुरी होती तोवर धुवून कोण द्यायचं?"

तुळसाबाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी एकदम आटल्यासारखं झालं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"गेले ते. चांगली पंधरा मिनिटं येत नाहीत."

बराच वेळ त्या उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून उलगडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सूनच दे. सात महिन्याची पोटुशी पोरगी, तिले वाकवून असलं काम करवून घ्याचं, मले काय गोड वाटे? पण बाईमानूस होती ना. चालून जाय."

"आणि आता?"

"आता काय! घरात दोन बाप्ये. भूपेश बुटीबोरीले कारखान्यात, दिवसभर बाहेर. अन् असता तरी काय पोराले सांगतं का वं कोनी? ज्याचं म्या धुतलं, त्यानं माहं धुवावं?"

"उजव्या हाताने..."

"काय बोलून राहिली!" तुळसाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पडद्यापलीकडचा सायकलचा आवाज थांबला. त्यांनी स्वर खाली आणला. "ह्याच हातानं देवाले फूल वाहतो आमी, ह्याच हातानं भाकर मोडतो. अन् समज, केलं मन घट्ट. टमरेल कोन धरन? तू?"

टमरेल धरायचं की धुवायचं? एका हाताच्या माणसाने करायचं काय? सहा वर्षं ती हे काम करत होती, शेकडो तक्ते भरले होते, आणि हा साधा हिशोब तिच्या डोक्यात कधी आला नव्हता.

"जेट स्प्रे लावून घेता येईल..."

"लावला आहे. सून येईन म्हनून भूपेशनं मागंच लावला. एका हातानं ते दाबा, मग साडी कोन सांभाळन? सारी वली होते. झाली ना एकदा. बुढा म्हने, 'काय सांडलं वं?' म्या म्हनलं, बालटी." तुळसाबाई हसल्या, आणि ते हसू अर्ध्यावरच वाकडं झालं. "मंग म्या सोपा रस्ता काढला. पोटात गेलंच नाई तं निघन कायले? सकाळी अर्धी पोळी. पानी, तोंड वलं होईन तेवढं. बुढा दाराशी असते तवा लघवीपुरतंच. मोठ्यासाठी दोन-तीन दिवसातून एकदा जाते, तो बजारात गेला का. अर्धा अर्धा तास लागते. भिताडाले टेकून, फडक्यानं, कसंबी."

"मावशी, अशाने तुम्ही मराल." दामिनीच्या तोंडून निघून गेलं. "पाणी न पिता या उन्हात! पुन्हा झटका येऊ शकतो. चक्कर येऊन पडाल, मांडीचं हाड मोडेल. मग तर सगळंच दुसऱ्याने करायचं."

"आता तं मंग तू घाबरव."

"घाबरवत नाही. शेजारी कुणी बाई?"

"प्रयागबाई आहे. तिले सांगतलं तं संध्याकाळपर्यंत तलावाच्या चारी बाजूनं समजन."

दामिनीला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. तुळसाबाईंवर काढावा तर त्यांची चूक काय? गणपतरावांवर, तर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग उरली ती स्वतः, नवरा समोर बसलेला असताना बाईला संडासचं विचारणारी आणि टिकमार्क करून पुढच्या रकान्यावर जाणारी.

"इथं येता तेव्हा मी आहे," शेवटी ती म्हणाली. "तीन दिवस तरी नीट खा-प्या. इथं आल्यावर मला सांगायचं. मी धुवून देईन."

"तू? डागदरीन?"

"पोरगी म्हणता ना मला? मग."

तुळसाबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "येडी, भैताड आहेस," त्या म्हणाल्या. मग पुन्हा पडद्याकडे बघत, घाईघाईने, "बुढ्याले सांगायचं नाई. तुले तुह्या पोरीची आन आहे. त्याले समजलं तं तो म्हनन मीच करतो. अन् तो करन बी. मले तेच नाई पाह्यजे."

दामिनीने मान डोलावली. "मी बोलणार नाही. पण कागदावर खोटंही लिहिणार नाही, मावशी."

"कागद कोन वाचते," तुळसाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी अख्खा कप चहा प्यायला आणि वर ताकही. साडेअकराला त्यांनी दामिनीच्या ॲप्रनची बाही ओढली. "चाल वं," एवढंच म्हणाल्या. आत गेल्यावर त्या डोळे मिटून, दात ओठांवर रोवून बसल्या, जणू कुणी टाके घालतंय. दामिनी पाणी ओतत होती, धूत होती, आणि काही सुचेना म्हणून हलक्या आवाजात गोपिकाने काल रात्री कुकरच्या शिट्टीची नक्कल कशी केली ते सांगत होती. बाहेर येऊन तुळसाबाईंनी साबणाने दामिनीचा हात स्वतःच्या उजव्या हाताने धुवून दिला. कोपरापर्यंत, दोनदा.

बुधवारी घड्याळ एकोणतीसवर आलं.

पण गुरुवार आलाच. दामिनीने तक्त्यात संडासच्या रकान्यात पाच लिहिले आणि बेरीज सत्तर झाली. वंदना मॅडमनी संगणकाच्या पडद्यावर ते पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे काय केलंस?"

"खरं ते लिहिलं."

"आता पाच वाढ दिसतेय. दहा पाहिजेत. बाई जाईल ना तुझी!"

"मॅडम, आधीचे दहाही चुकीचेच होते. सुरुवातीला साठ होते, पासष्ट नव्हेत. साठाचे सत्तर झालेत. वाढ दहाच आहे. माझी चूक झाली, मी तसं लिहून देते."

"जुना आकडा बदलता येत नाही. एकदा भरला की संपलं, सिस्टम घेत नाही." वंदना मॅडमनी माऊस बाजूला सारला. "आणि लिहून देशील काय? 'मी न तपासता दहा दिले'? जूनमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट नवीन व्हायचंय, विसरलीस? नुसतं दहा कर. बाईंना आठ आठवडे मिळतात, तू तिला जे शिकवायचं ते शिकव. कुणाचं काय बिघडतं?"

खरंच, कुणाचं काय बिघडत होतं? दामिनी पाच मिनिटं कर्सरकडे बघत राहिली. दहा लिहिले की आठ आठवडे पदरात. पण दहा लिहिले की कागदावर तुळसाबाईंना कसलीच अडचण नाही. मग त्या आठ आठवड्यांत शिकवणार कोण आणि काय? पायऱ्या. ठोकळे. पिवळी पट्टी. आणि दामिनी रजेवर गेली, तिच्या जागी दुसरी आली, तर ती हाच दहाचा आकडा वाचेल आणि पुढच्या रकान्यावर जाईल. जशी ती स्वतः गेली होती.

तिने पाच तसेच ठेवले.

आढाव्याला घरच्यांना आत बसवायची त्या केंद्राची पद्धत. टेबलामागे आढावा घेणारे डॉक्टर, शेजारी वंदना मॅडम, समोर तुळसाबाई आणि त्यांच्या मागे पर्स काखेत धरून गणपतराव. डॉक्टर रकाने मोठ्याने वाचत गेले. जेवण, दहा. जिना, पाच. मग थांबले.

"टॉयलेट. मागे दहा, आता पाच. ही घसरण कशी?"

दामिनीने तुळसाबाईंकडे पाहिलं.

"नाई नाई साहेब," गणपतराव उभेच राहिले. "मॅडमनं चुकून लिहिलं. सारं स्वता करते ते. म्या रोज दाराशी उभा राहतो ना. दहाच करा."

"मॅडम?" डॉक्टरांनी दामिनीकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंय की नाही? काय कारण?"

"पाचच बरोबर आहेत, सर."

"कारण विचारतोय मी."

"कारण..." शपथ लेकीची होती. "कारण मी सांगू शकत नाही."

वंदना मॅडमनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी पेन उचललं. "मग नोंदीप्रमाणे चालू. पाच गुणांची वाढ. जागा..."

"धुता नाई येत."

तुळसाबाई टेबलाकडे बघत बोलल्या होत्या. आवाज मोठा नव्हता, पण चाचरलाही नव्हता.

"डावा हात मागं जात नाई, म्हनून धुता नाई येत. सून धुवून दे, थे गेली माहेरी. म्हनून जेवन सोडलं, पानी सोडलं. म्हनून चालता येईना. पोरीनं खरं लिहिलं. तुमीच सारे मले विचारत नव्हते, यायले विचारत होते." त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं.

गणपतराव उभे होते ते खाली बसायचं विसरले. "म्हंजे?... महिनाभर? अवं, मले सांगाचं ना. मी धुतलं असतं ना वं."

"म्हनूनच तं नाई सांगतलं."

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं आणि काढलं. मग ते दामिनीकडे वळले, जरा नरमून. "हाताची चाचणी तर चांगली आहे की. नऊ ठोकळे."

"ठोकळे समोर असतात, सर," दामिनी म्हणाली. "हा हात पाठीमागे न्यावा लागतो. ते मोजायला आपल्याकडे काहीच नाही. मीही मोजलं नाही. पहिले दहा गुण मी नुसते ऐकून दिले, ती चूक माझी आहे, हवं तर नोंदवा."

डॉक्टरांनी नोंदवलं. वंदना मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. बरीच चर्चा झाली, नियमपुस्तिका उघडली गेली, मिटली गेली. अशा प्रकरणासाठी तिच्यात काहीच नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की आठ आठवडे नाही, पण बंदही नाही. दोन आठवडे. सहा फेऱ्या. काही दाखवण्यासारखं झालं तर पुढचं बघू.

सहा फेऱ्या! दामिनी जिना उतरताना बोटांवर मोजत होती, जणू मोजल्याने त्या वाढणार होत्या. खांदा मागे वळवायला शिकवायचा, कोपर वाकवून ठेवायला, मनगट फिरवायला, आणि हे सगळं एकाच वेळी, ओल्या फरशीवर, तोल सांभाळून. सहा फेऱ्यांत.

शनिवारी तिने तुळसाबाईंना पाठ नसलेल्या स्टुलावर बसवलं. स्टुलाच्या मागच्या कडेला खडूने एक रेघ ओढली आणि ओलं फडकं त्यांच्या डाव्या हातात दिलं.

"ही रेघ पुसायची. न बघता."

गणपतराव पडद्याच्या फटीतून डोकावले. "काही मदत...?"

"जा ना बाहेर!" तुळसाबाई खेकसल्या. पावलं लांब गेल्यावर त्या दामिनीकडे वाकल्या. "आता तोच धुते. रोज. मी डोये मिटून शिव्या घालते, अन् तो आपला गुमान धुते. जेवाले बी घालते पोटभर. मले इतका राग येते ना पोरी, का सांगू नको."

"कुणाचा?"

"साऱ्याईचा. त्याचा, तुह्या कागदाचा, ह्या मेल्या हाताचा." त्यांनी हात उचलला. तो मांडीवरून घसरला, कमरेपर्यंत आला, खांदा कानाकडे चढला, अंग उजवीकडे झुकलं. दामिनीने पाठीमागून दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती नुसते धरून ठेवले, न टेकवता. फडकं नितंबाच्या बाजूला पोचलं, थरथरलं आणि तिथेच थांबलं. तुळसाबाईंच्या कपाळावर घाम आला. हात खाली पडला.

दामिनीने रेघ आणि फडक्याचा ओला डाग यांच्यामध्ये आपली बोटं ठेवून पाहिली.

"चार बोटं राहिली."

"जास्त नाई ना सांगून राहिली मनानं? मागच्यासारखं पास-पास?"

"नाही. चारच. मोठी चार."

"लिहून ठेव."

तक्त्यात तसा रकाना नव्हता. दामिनीने फाइलच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, तारीख घातली आणि लिहिलं, चार बोटं. ती वळली तेव्हा तुळसाबाईंनी खाली पडलेलं फडकं उजव्या हाताने उचलून पुन्हा डाव्या मुठीत कोंबलं होतं आणि ओठ घट्ट मिटून त्या हात मागे न्यायला लागल्या होत्या.